रिसेसमध्येच जाऊन यायचं होतं ना!

लहान मुलांचं युरीन सॅम्पल घेणं हे आमच्या लॅबमधलं सगळ्यात वेळखाऊ काम. मोठ्या माणसाला डबी दिली की तो दोन मिनिटांत आत जाऊन येतो, सहा वर्षांच्या पोरीच्या हातात डबी दिली की ती आधी डबीकडे बघते, मग आईकडे, मग माझ्याकडे, आणि जाहीर करते की आलीच नाहीये. मग तिला पाणी पाजा, बाकावर बसवा, आईचा मोबाईल द्या, थोड्या थोड्या वेळाने विचारत राहा, आता? आता? वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं टेक्निशियन आहे आणि माझा अनुभव असा की त्या बाकावर बसल्या बसल्या आया जे बोलून जातात ते डॉक्टरसमोर बोलत नाहीत, डॉक्टरकडे गर्दी असते आणि इथे पोरीला येईपर्यंत वेळच वेळ. त्यातलं एक वाक्य तर आई तोंड उघडायच्या आधी मला कळतं. गुजराती असेल तर "बेन, स्कूलमां तो ए जती ज नथी." मराठी असेल तर "शाळेत ती जातच नाही हो, व्हॅनमधून उतरली की दप्तरासकट बाथरूमकडे पळते."

हे सांगताना काही जणींच्या आवाजात काळजी असते आणि काही जणींच्या आवाजात, खरं सांगते, कौतुक असतं. बघा किती कंट्रोल आहे आमच्या बाळीला.

पुढचं मला पाठ आहे. मायक्रोस्कोपखाली पस सेल्स, म्हणजे इन्फेक्शनची खूण, भरपूर दिसतात, डॉक्टर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायला सांगतात, प्लेट लावली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेक वेळा तोच जुना ओळखीचा ई. कोलाय उगवतो, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, पोरगी बरी होते, आणि काही महिन्यांनी तीच पोरगी त्याच बाकावर. आता एका सॅम्पलवरून शाळेवर बिल फाडता येत नाही हे मलाही कळतं, मुलींचा मूत्रमार्ग मुळातच आखूड, त्यात पोट साफ नसणं, मागून पुढे धुण्याची सवय, दहा कारणं असतात. पण "दिवसभर जात नाही" आणि "पाणी पीत नाही" ही दोन वाक्यं जोडीनेच येतात आणि दोन्हींचा पत्ता विचारला तर तो वर्गातच निघतो.

हे सगळं मी दुसऱ्यांच्या मुलींबद्दल ऐकत होते तोवर ठीक होतं. माझी लेक ह्या जूनमध्ये पहिलीत गेली आणि शाळेच्या ॲपवर एक सर्क्युलर आलं. शाळेचं नाव नको, मोठी आहे, इंग्लिश मिडियम आहे, बिल्डिंग बघून छाती दडपते. तर नियम असा की प्रत्येक मुलाला रोज दोन वॉशरूम कार्ड मिळणार, लॅमिनेट केलेली, रोल नंबर घातलेली, फळ्याशेजारच्या खिशाखिशांच्या चार्टमध्ये लावलेली. रिसेसमध्ये जायला कार्ड लागत नाही, तास चालू असताना जायचं तर एक कार्ड टीचरच्या हातात द्यायचं. दोन्ही संपली की संपली. इथपर्यंत वाचून मी नुसती कपाळाला आठी घातली होती. पुढची ओळ वाचून मात्र उठून उभी राहिले, कारण पुढे लिहिलं होतं की शुक्रवारी शिल्लक कार्डं मोजली जातील आणि ज्याची सगळी वाचली त्याला स्टार.

स्टार! म्हणजे रोखून धरण्याचं बक्षीस. बँकेत रजा साठवून शेवटी पैसे घेतात ना, तसं सहा वर्षांच्या पोरांनी शू साठवायची आणि शुक्रवारी वटवायची.

लेकीला ही योजना भयंकर आवडली. तिला चिकटवता येईल अशी कुठलीही चमकणारी गोष्ट आवडते. पहिल्या आठवड्यापासून घरी येऊन दप्तर फेकायच्या आधी रिपोर्टिंग सुरू, मम्मी आज पण दोन्ही वाचले, अमुकने आज दोन्ही वापरून टाकले, तो किती वेडा आहे ना. आणि बाटली उघडून बघितली तर गळ्यापर्यंत भरलेली. अर्ध्या लिटरची बाटली सकाळी मीच भरून दिलेली, त्यातले दोन घोट गेले असतील नसतील. तिला कोणी पाणी पिऊ नको असं सांगितलं नव्हतं. तिने स्वतःचं स्वतः गणित केलं होतं, की आत गेलं नाही तर बाहेर यायचा प्रश्न नाही, आणि ते गणित बरोबरच आहे की, त्यात चूक काय काढणार.

गणितावरून आठवलं. मुलांच्या मूत्राशयात साधारण किती मावतं ह्याचा डॉक्टर लोक एक सोपा हिशोब वापरतात, वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं, येईल तेवढे मिलिलिटर. सहा वर्षांच्या मुलीला २१० मिली. एक पेला, तोही काठोकाठ नाही. मोठ्या माणसाचं चारशे-पाचशेच्या घरात असतं. म्हणजे नियम करणाऱ्यांची टाकी नियम पाळणाऱ्यांच्या टाकीच्या दुप्पट आहे, आणि तरी प्रश्न विचारतात, आम्हाला नाही येत, तुलाच कशी येते मध्ये मध्ये?

आता तिचा दिवस बघा. सहाला उठते, कपभर दूध, व्हॅन येते, रिसेस होते साडेनऊला. रिसेसमध्ये डबा आधी की बाथरूम आधी? वीस मिनिटांत थेपल्याचा रोल संपवायचा, मैत्रिणीचा ढोकळा चाखायचा, जिन्याखाली पकडापकडी खेळायची, आणि त्या वेळेला तिला शू आलेली नसतेच. डबा खाल्ला की पाणी पितात, प्यायलेलं पाणी मूत्रपिंडातून खाली यायला पाऊण तास-तास जातो, आणि साडेदहाला मॅथ्स चालू असताना करंगळी वर होते. तेव्हा जगातल्या सगळ्या टीचर एकच वाक्य बोलतात, आत्ताच तर रिसेस झाली, तेव्हाच जाऊन यायचं होतं ना! मी पण माझ्या लहानपणी हेच ऐकलंय, तुम्ही पण ऐकलंय. रिकाम्या मूत्राशयाने जाऊन काय करायचं असतं हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

त्यात मोठ्यांना कसं आधी हलकी जाणीव होते, मग जरा जास्त, हातातलं काम उरकून उठायला आपल्याला सवड मिळते. लहान मुलांना ती सवड नसते, खेळात-चित्रात गुंग असताना पहिली जाणीव ती लक्षातच घेत नाहीत आणि लक्षात येते तेव्हा गळ्याशी आलेलं असतं. म्हणून टीचरला वाटतं हा नाटक करतोय, आत्ता तर मजेत होता आणि आता लगेच पळायचंय? हो, लगेच पळायचंय.

तुम्ही कधी लहान मुलीला एका पायाची टाच खाली दाबून, त्यावर घट्ट उकिडवं बसून, चेहरा अगदी कोरा ठेवून थांबलेलं बघितलंय का? बघितलं असणार, आपल्याला वाटतं खेळतेय. ह्या बसण्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे, व्हिन्सेंट्स कर्ट्सी, व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरने १९६६ साली ते नोंदवलं. टाचेने दाबून ती पोर येणारा लोंढा थोपवत असते. वर्गात हेच बाकावर पाय मुडपून चालतं, मांड्या आवळून चालतं, आणि बाई म्हणतात चुळबुळ नको, नीट बस. नीट बसली की व्हायचं ते होतं.

रोज रोखून धरलं की मूत्राशय फुटत वगैरे नाही, ते सगळं आजीबाईंनी घातलेली भीती. होतं ते वेगळंच. खालचे स्नायू आवळून ठेवायची शरीराला इतकी सवय होते की घरी निवांत बसलं तरी ते पुरते सैल सुटत नाहीत. मग धार तुटक तुटक येते, थोडं आतच राहतं, त्या राहिलेल्यात जंतू वाढतात. आणि शाळेत दोन नंबरला तर कोणीच जात नाही, तो विषयच नाही, ते थेट घरी, आणि घरी टीव्ही चालू असतो. पोट साफ नसलं की भरलेलं आतडं पुढे मूत्राशयावर दाब देतं आणि मग चड्डीत थेंब थेंब, ज्याला आपण "मोठी झाली तरी अजून" म्हणून रागावतो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या युरॉलॉजिस्ट लोकांनी २००३ साली प्राथमिक शिक्षकांची पाहणी केली होती, मुद्दा हाच की लघवीच्या ह्या तक्रारी मुलांना शाळाच लावते का, आणि ठराविक वेळेलाच सोडणारे शिक्षक तिथेही भरपूर निघाले. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही, एवढंच समाधान.

आपल्याकडचं वेगळं आहे ते ऊन. वडोदऱ्याचा एप्रिल तुम्हाला माहितीये, अकराला सुटलेलं पोर लाल होऊन येतं. त्या दिवसांत घामानेच पाणी जातं, लघवी कमी आणि गडद. आपण किडनी स्टोनच्या पट्ट्यात राहणारी माणसं, नडियादला मूत्रविकारांचं देशभर नावाजलेलं हॉस्पिटल आहे, आपल्या प्रत्येक सोसायटीत स्टोनवाला एक तरी काका असतो जो सगळ्यांना पाणी प्या पाणी प्या सांगत फिरतो, आणि आपण पोरांना मात्र अशा जागी बसवतो जिथे न पिण्यात फायदा.

आईला मी हे सगळं तावातावाने सांगायला गेले. आई दांडिया बाजारात राहते, आयुष्यभर सरकारी मराठी शाळेत पहिली-दुसरी शिकवून रिटायर झालीये, मला वाटलं माझ्याहून जास्त भडकेल. तर ती शेंगा सोलत म्हणाली, "त्या बाईकडे पोरं किती आहेत?"

म्हटलं अडतीस.

"आणि मदतीला कोण?"

"मासी आहे ना एक."

"वर्गाला एक की मजल्याला एक?"

ते मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "ते आधी विचारून ये, मग भांड. आमच्या वेळी वर्गात पन्नास-पंचावन्न पोरं, एकाने करंगळी वर केली की जांभईसारखी पसरायची, बघता बघता दहा करंगळ्या. त्यातल्या तिघांना खरी आलेली असते, चौघांना बाहेर कावळा बघायचा असतो, आणि बाकीच्यांना त्यांचा मित्र चाललाय म्हणून. कोण खरं कोण खोटं ते बाईने ओळखायचं कसं? आणि एक पोर बाहेर पडून गेटकडे गेलं, रस्त्यावर गेलं, तर नोकरी कुणाची जाणार, तुझी?"

ह्यावर मी गप्प बसले नाही पण थोडी खाली आले. कारण भीती खोटी नाहीये. २०१७ साली गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा वॉशरूममध्ये खून झाला, त्यानंतर सीबीएसईने सगळ्या शाळांना सुरक्षेची लांबलचक यादी पाठवली. पुढच्याच वर्षी, २०१८ च्या जूनमध्ये, आपल्याच वडोदऱ्यात एका शाळेच्या बाथरूममध्ये नववीतल्या मुलाचा जीव गेला, तेव्हा तर घरोघरी तोच विषय होता. वॉशरूम म्हणजे शाळेतली अशी एकच जागा जिथे कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. त्यामुळे पोर एकटं आत जाऊ नये असं शाळेला वाटणं मला मान्यच आहे. पण मग त्याच्याबरोबर जायला माणूस ठेवा. माणसाचा पगार पडतो, कार्ड लॅमिनेट करायला किती पडतात? गोष्ट आहे माणसांच्या व्यवस्थेची आणि तिला नाव दिलंय शिस्तीचं, माझा सगळा राग इथे आहे. मुलाला शिस्त नाही म्हणून तो उठत नाहीये, तुमच्याकडे मासी नाही म्हणून तो बसलाय.

आईची स्वतःची पद्धत विचारली तर ती म्हणाली टेबलाच्या कोपऱ्यावर एक लाकडी ठोकळा ठेवलेला असायचा. ज्याला जायचं त्याने ठोकळा उचलायचा, जाऊन यायचं, ठोकळा परत ठेवायचा. विचारायचं नाही, करंगळी नाही, बाईंचं शिकवणं थांबवायचं नाही. ठोकळा जागेवर नसेल तर कोणीतरी गेलंय, थांबायचं. फार वेळ झाला की बाई दारातून डोकावणार. दिवसात कोणी किती वेळा उचलला ते मोजायचं नाही, पण एखादं पोर सारखंच उचलायला लागलं तर त्याच्या आईला बोलावून विचारायचं की बाळाला बरं नाहीये का. बघा, साधन जवळजवळ तेच, कार्ड काय आणि ठोकळा काय. पण ठोकळा संपत नाही.

मी म्हटलं मग पन्नास पोरं असताना तुला जमलं की. ती म्हणाली, "शाळा एका मजल्याची होती गं, बाथरूम वर्गातून दिसायचं. तुझ्या लेकीचं कुठल्या मजल्यावर आहे?"

आपल्या वडोदऱ्याला शाळेच्या सक्तीचं मोठं कौतुक आहे, आणि ते असायलाच हवं. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ साली ते सगळ्या बडोदा संस्थानात लागू केलं, पोराला शाळेत घातलं नाही तर आईबापाला दंड. देशभराचा शिक्षण हक्क कायदा व्हायला २००९ साल उजाडलं. त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांना मारायला बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, परिशिष्टात मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी लिहिलंय. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना शाळांत स्वच्छतागृहं बांधायला सहा महिन्यांची मुदत दिली, २०१४ च्या स्वातंत्र्यदिनाला लाल किल्ल्यावरून मुलींच्या वेगळ्या स्वच्छतागृहांची घोषणा झाली, मग स्वच्छ विद्यालय मोहीम आली आणि तिच्या पुस्तिकेत शक्यतो दर ४० मुलांमागे एक युनिट असं प्रमाण आलं, युनिट म्हणजे एक संडास आणि तीन युरिनल.

हे सगळं चांगलंच आहे, भिंती उभ्या राहिल्या, नाहीतर आधी तेही नव्हतं. पण ह्या सगळ्यात मोजलेत ते नळ, भांडी आणि भिंती. वेळ कोणी मोजलेला नाही. आपण मोजू. युरिनल नसलेल्या शाळेत ४० मुलींमागे एक भांडं धरा, प्रत्येकीला दोनच मिनिटं धरा, म्हणजे ८० मिनिटं झाली, आणि रिसेस आहे वीस मिनिटांची. ती दोन मिनिटं पण कागदावरची. पहिलीच्या युनिफॉर्मला बेल्ट असतो, त्याचा हूक बोटांनी उघडत नाही, थंडीत त्यावर स्वेटर असतो, आतली कडी खाली सरकलेली असते म्हणून मैत्रिणीला दार धरायला उभं करावं लागतं, फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरींनी घरी फक्त कमोड बघितलाय आणि शाळेत भारतीय पद्धतीचं भांडं आहे, फरशी ओली, पाय घसरेल ही धास्ती. मुलांचंही काही वेगळं नाही, युरिनल लावणाऱ्या प्लंबरने स्वतःची उंची धरून लावलेलं असतं. रिसेसमध्ये जाऊन यायचं होतं ना म्हणणं सोपं आहे, रिसेसमध्ये ते मावतच नाही.

केरळमध्ये २०१९ साली शाळांमध्ये वॉटर बेल सुरू झाली, दिवसातून ठराविक वेळा घंटा वाजते आणि सगळी पोरं आपापल्या बाटलीतून पाणी पितात, नंतर इतर राज्यांनी पण घेतलं ते. मला ही कल्पना आवडते त्याचं कारण पाणी तर आहेच, पण त्याहून जास्त हे की शाळेनेच पाणी पाजलं की तासाभराने तू का उठलास असं विचारायला शाळेला तोंड राहत नाही.

मला बरेच दिवस कळत नव्हतं की ह्या स्टारच्या सर्क्युलरवर इतक्या कमी आया का बोलल्या. ग्रुपवर अंगठे आणि हात जोडलेले इमोजी आले फक्त. मग आईशी बोलता बोलता ती सहज म्हणाली की आम्ही बाया कुठे जायचो शाळेत, स्टाफरूमला बाथरूम नव्हतं, पोरांच्या बाथरूममध्ये जायची लाज, मग सकाळचा चहा अर्धाच घ्यायचा आणि घरी येईपर्यंत पाणी टाळायचं. सगळ्याच. हेडबाई सुद्धा. आणि मग मला एकेक दिसायला लागलं. पुण्याला जाणाऱ्या बसमध्ये बसायच्या आधी मावशी पाणी पीत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये नऊवारी नेसलेली काकू सकाळपासून कोरडी. नवरात्रात चणियाचोळी घातलेल्या पोरी रात्री बारापर्यंत गरबा खेळतात आणि ग्राउंडवरच्या त्या फिरत्या टॉयलेटपुढची रांग बघून मागे वळतात. आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला विचारा, तिच्याकडे न पिण्याचं वेळापत्रक असतं. आपण सगळ्या जणी ह्यात इतक्या मुरलोय की पहिलीतली पोरगी मुरायला लागली तर आपल्याला वाटतं चला, शहाणी झाली. लॅबमधल्या बाकावरचं ते कौतुक कुठून येतं हे मला तेव्हा कळलं. आणि ती टीचर, जी पोरीला म्हणते थांब जरा, ती स्वतः सकाळी सातपासून थांबलेली असते हो.

पेरेंट्स मीटिंगला आम्ही पाच-सहा जण आधी ठरवून गेलो. कोऑर्डिनेटर मॅडम गोड बोलणाऱ्या, म्हणाल्या पॅरेंट्सनीच कंप्लेंट केली होती की मुलं तास चालू असताना कॉरिडॉरमध्ये फिरतात, आणि कार्डमुळे मुलांना रिस्पॉन्सिबिलिटी कळते. मी माझं २१० मिलीचं गणित काढलं. मग आईने पढवून पाठवलेला प्रश्न विचारला, मासी वर्गाला एक की मजल्याला एक? मजल्याला एक निघाली, पाच वर्ग, आणि त्याच मासीला मध्ये मध्ये झेरॉक्स आणायला आणि ऑफिसात पाहुणे आले की चहा द्यायला पण पाठवतात. म्हणजे मजल्यावर बऱ्याच वेळा कोणीच नाही. मॅडम म्हणाल्या ते आम्ही बघू, पण कार्डाची सिस्टिम चांगली चाललीये, मुलं एन्जॉय करतायत.

तेवढ्यात मागे बसलेल्या एका गुजराती भाईंनी, जे तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते, अगदी साळसूदपणे विचारलं, "मॅडम, स्टाफ माटे पण कार्ड छे?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने क्लास टीचर हसली आणि मग मॅडमकडे बघून तिने हसू गिळलं. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाली, मॅम तुम्ही लॅबमध्ये आहात ना, युरीन कल्चरला सकाळचं पहिलंच लागतं का? म्हटलं कोणासाठी? म्हणाली माझ्यासाठीच. मी तिला सगळं नीट सांगितलं, सुरुवातीचं सोडून मधलं घ्यायचं, डबी स्टेराइल हवी, तासाभरात पोचवायचं. आमच्या दोघींच्यात त्या कार्डांबद्दल एक अक्षर निघालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली-दुसरीची कार्डं बंद झाली. रिसेसनंतरच्या तासाभरात मासीला मजल्यावरून हलवायचं नाही असं ठरलंय, आणि ती बहुतेक वेळा खरंच तिथे स्टूल टाकून बसलेली असते. बेल्टच्या जागी इलॅस्टिक पुढच्या वर्षीपासून, कारण ह्या वर्षीचा स्टॉक संपायचाय, हे अर्थातच. कडी दुरुस्त झाली. फरशी अजून ओलीच. तिसरीपासून पुढे मात्र कार्ड चालूच राहणार, कारण मॅडमच्या मते तिसरीतली मुलं मोठी असतात.

बाटली आता निम्मी-अर्धी येते, कधी कधी रिकामी. पण घरात माझं वजन पार घसरलंय. लेकीला ग्रुपमधल्याच कोणाच्या तरी मुलीकडून कळलं की कार्ड बंद करायला सांगणाऱ्यांत तिची मम्मी होती, आणि तिचे इतके सगळे स्टार झाले होते, अजून थोडे झाले असते तर असेंब्लीत नाव घेतलं असतं. दोन दिवस माझ्याशी अबोला. मग तडजोडीला आली, पाणी पिण्याचे स्टार दे म्हणाली, बाटली संपवली की एक. मी नाही म्हटलं, तहान लागली की पी आणि आली की जा, ह्याचे कसले स्टार. तर आजीकडे जाऊन तक्रार. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, मम्मीला बाकावर उभं कर.

तिसरीतल्या मुलांच्या आया आता मेसेज करतायत की तुमचं ते मिलीचं गणित पाठवा, पुढच्या मीटिंगला न्यायचंय. त्यांना आठ वर्षांचं लागेल, २७०.